एमसीजीवर फूटीचा सामना: पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठे बसावं, काय खावं, कसं परतावं

मे-जूनच्या सुट्टीत मेलबर्नला येणाऱ्या मराठी घरांत ‘एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) बघायचंच’ हे विमानाचं तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. अजिंक्य रहाणेने डिसेंबर २०२० मध्ये ११२ धावा काढल्या ते मैदान, २०२२च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात कोहलीने पाकिस्तानविरुद्ध हातातून गेलेला सामना ओढून आणला ते मैदान. पण त्या महिन्यांत तिथे क्रिकेट नसतं. खेळपट्ट्या उचलून बाहेर नेलेल्या असतात आणि मार्च ते सप्टेंबर मैदान फूटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं असतं. मग बरेच जण टूर घेतात, रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढतात आणि परततात. आमचं मत सरळ आहे: टूर राहिली तरी चालेल, सामना चुकवू नका. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कुठे कापला ते पुढे येईल.

हा खेळ या मैदानावर पाहुणा म्हणून आलेला नाही. टॉम विल्स हा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये म्हणून काहीतरी खेळ हवा, असं त्याने १८५८ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी शेजारच्या बागेत, आजच्या यारा पार्कात, शाळाशाळांमध्ये सामना झाला आणि १८५९ मध्ये मेलबर्न क्लबाने नियम कागदावर उतरवले. क्रिकेटच्या मैदानावर वाढल्यामुळेच या खेळाचं मैदान आजही लंबगोल आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जागा. क्रिकेटमध्ये एमसीजीची दोन टोकं म्हणजे मेंबर्स एंड आणि दक्षिणेकडच्या मोठ्या स्टँडचं एंड. या स्टँडला २०२२ पासून शेन वॉर्नचं नाव आहे. फूटीचे गोलपोस्ट मात्र या रेषेला आडवे, पूर्व-पश्चिम उभे असतात. पश्चिमेचं टोक ते सिटी एंड आणि पूर्वेचं पंट रोड एंड. म्हणजे क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या हातामागची जी जागा आपण जीव टाकून शोधतो, तीच फूटीत मैदानाच्या बरोबर मध्यावरची, ‘विंग’ची जागा होते. क्रिकेटच्या सवयीने सीटचा नकाशा वाचणारे इथे फसतात. साइटस्क्रीनच्या बाजूची जागा म्हणजे गोलामागची असेल असं धरून चालतात आणि निघते विंग. स्क्वेअर लेगची म्हणून घेतलेली निघते गोलामागची.

पहिल्या सामन्याला आम्ही शेन वॉर्न स्टँडचा दुसरा मजला सुचवू, पुढच्या दहाएक रांगा, विंग किंवा तिथून थोडं गोलाकडे. एमसीजीवर बसण्याच्या भागाला बे म्हणतात आणि त्याच्या नावातलं अक्षर मजला सांगतं: ‘एम’ तळमजला, ‘एन’ दुसरा, ‘क्यू’ सगळ्यात वरचा. तेव्हा नकाशात ‘एन’ शोधा. तळमजल्यावर अगदी पुढे बसलं की अंगावर अंग आदळल्याचा आवाज ऐकू येतो, बूट गवतात रुतताना दिसतात, पण चेंडू पलीकडच्या बाजूला गेला की काय चाललंय ते कळत नाही. मैदानाची लांबी दीडशे मीटरच्या वर आहे आणि खेळाडू छत्तीस. जमिनीच्या पातळीवरून ती सगळी गर्दी एकमेकांत मिसळते. चौथ्या मजल्यावरून उलट, सगळी मांडणी पटासारखी दिसते. कोण मोकळा पळतोय, कुठे भगदाड पडलंय ते खेळाडूच्या आधी तुम्हाला दिसतं. पण चेहरे दिसत नाहीत आणि पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. लिफ्ट मजल्यापर्यंत पोचवते, रांगेपर्यंतच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

गोलामागे बसायचं का? सामना चार क्वार्टरांचा असतो आणि संघ दर क्वार्टरला बाजू बदलतात, त्यामुळे दोन्ही संघांची चढाई तुमच्या समोर येते खरी, पण दुसऱ्या टोकाला खेळ असेल तेव्हा मोठ्या पडद्याकडेच बघत बसावं लागतं. त्याचा मोबदला म्हणून चीअर स्क्वॉडचा, म्हणजे संघाच्या कट्टर चाहत्यांच्या टोळीचा, दंगा शेजारी मिळतो. ही मंडळी क्रेप कागदाचा भलामोठा फलक स्वतः तयार करतात आणि सामन्याआधी संघ तो फाडून मैदानात धावत येतो. तो क्षण बघायचा तर खेळ सुरू होण्याच्या निदान वीस मिनिटं आधी खुर्चीत हवं. उशिरा येणारे नेमकं हेच चुकवतात.

उन्हाचंही गणित आहे आणि ते आपल्याकडच्या उलट आहे. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य उत्तरेकडून येतो. दक्षिणेचा स्टँड उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारी दीडच्या सामन्यात त्याच्या पुढच्या रांगांना सुरुवातीला ऊन मिळतं. नंतर समोरच्या स्टँडची सावली गवतावरून सरकत येते आणि शेवटच्या क्वार्टरला थंडी एकदम अंगात शिरते. उत्तरेच्या बाजूला, म्हणजे ऑलिम्पिक आणि पॉन्सफर्ड स्टँडच्या त्या अंगाला, दुपारभर सावलीच. जूनमध्ये पाचनंतर अंधार पडतो. रात्रीच्या सामन्याला पारा सहा-आठ अंशांवर येतो आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अडीच तास बसायचं असतं. नुसत्या स्वेटरवर भागत नाही. वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, जाड मोजे आणि बसायला एखादी घडीची चादर घ्या. छप्पर बहुतेक खुर्च्यांवर असलं तरी तळमजल्याच्या पुढच्या रांगा वाऱ्याबरोबर आलेल्या पावसात भिजतात. छत्री उघडली की मागच्याला दिसत नाही, म्हणून तिथे रेनकोटच कामाचा.

तिकिटाबद्दल. एमसीजीची तिकिटं टिकेटेकवर आणि डॉकलँड्सच्या मार्व्हल स्टेडियमची टिकेटमास्टरवर मिळतात. दोन वेगळी दुकानं आहेत हे लक्षात असू द्या. साध्या सामन्याचं सगळ्यात स्वस्त प्रौढ तिकीट तीसेक डॉलरच्या आसपास असतं. त्यात ‘जनरल अ‍ॅडमिशन’ असेल तर ठरावीक भागात मिळेल त्या खुर्चीवर बसायचं. चार-पाच जण असाल तर एकत्र जागा मिळायला दरवाजे उघडल्यावर लगेच जावं लागतं, नाहीतर सरळ आरक्षित जागा घ्यावी. तिकीट फोनवर येतं. ते घरच्या वायफायवर असतानाच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, कारण गेटपाशी हजारो फोन एकाच वेळी जाळं ओढत असतात. सगळी तिकिटं एकाच फोनवर असतील तर सगळ्यांनी एकत्र आत शिरायचं किंवा आधीच एकमेकांना पाठवून ठेवायची. एकजण पार्किंगमध्ये आणि तिकिटं त्याच्याच खिशात, हा घोळ दर शनिवारी गेटवर बघायला मिळतो.

कुठला सामना निवडायचा? एएफएलमध्ये, म्हणजे फूटीच्या राष्ट्रीय लीगमध्ये, १८ संघ आहेत. कॉलिंगवुड, रिचमंड, मेलबर्न आणि हॉथॉर्न यांचे घरचे सामने बहुतेक एमसीजीवर होतात. कार्लटन आणि एसेंडन एमसीजी आणि मार्व्हल दोन्हीकडे खेळतात. पाहुण्याने कॉलिंगवुडचा, पण फार गाजावाजा नसलेला शनिवार-रविवार दुपारचा सामना धरावा. गर्दी भरपूर आणि तिकीट मिळण्याजोगं. २५ एप्रिलचा, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक डेचा, कॉलिंगवुड-एसेंडन सामना १९९५ पासून (२०२० वगळता) दरवर्षी होतो आणि ते या खेळाचं सगळ्यात गंभीर रूप आहे. सामन्याआधी बिगुल वाजतो तेव्हा नव्वद हजार माणसं एकदम गप्प होतात, इतकी की कुठेतरी लहान मूल कुरकुरलं तर ते ऐकू येतं. त्यासाठी मात्र तिकीट खूप आधी बघायला लागतं. जूनच्या दुसऱ्या सोमवारी किंग्ज बर्थडेच्या सुट्टीला मेलबर्न-कॉलिंगवुड असतो. मोटर न्यूरॉन आजाराच्या संशोधनासाठी निधी गोळा करायला नामवंत माणसं घसरगुंडीवरून बर्फाच्या पाण्यात उतरतात आणि सगळं स्टेडियम निळ्या कानटोप्या घालून बसलेलं असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारची ग्रँड फायनल बाहेरून आलेल्याने डोक्यातून काढावी. तिची तिकिटं प्रामुख्याने सभासदांतच वाटली जातात.

पाऊस-थंडी अजिबात नको असेल तर मार्व्हल आहे. तिथे वरचं छप्पर मिटतं आणि सदर्न क्रॉस स्टेशनातून पूल ओलांडला की स्टेडियम. सोय पूर्ण, पण आवाज छपराखाली कोंडतो आणि एमसीजीचा मोकळा विस्तार नाही. पहिला सामना एमसीजीवरच बघा.

नियम समजून न घेता गेलं तर पहिला क्वार्टर फुकट जातो, म्हणून एवढं तरी घरी वाचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायाने मारून कुणाचाही हात न लागता गेला की गोल, ६ गुण. उंच आणि बुटक्या खांबांच्या मधून गेला, उंच खांबाला लागला किंवा वाटेत कुणाचा हात लागून रेषेपार गेला तर ‘बिहाइंड’, १ गुण. फलकावर १२.८ (८०) असं दिसलं तर १२ गोल, ८ बिहाइंड, एकूण ८०. जिंकतं कोण ते कंसातल्या आकड्यावर ठरतं: ११.१५ (८१) वाला संघ एक गोल कमी असूनही जिंकलेला असतो.

चेंडू फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. हातात घेऊन पळता येतं, पण १५ मीटरच्या आत एकदा टप्पा द्यावा लागतो किंवा तो जमिनीला टेकवावा लागतो, आणि चेंडू लंबगोल असल्याने तो टप्पा हातात परत येणं हेच कसब आहे. १५ मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक हवेत झेलली की ‘मार्क’. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, शांतपणे किक घ्यायची. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत झेललेल्या मार्कला ‘स्पेकी’ म्हणतात आणि माणसं वर्षानुवर्षं त्यासाठी येतात. ऑफसाइड हा प्रकारच नाही. क्रिकेट-फुटबॉल बघणाऱ्या डोळ्याला मैदानभर पसरलेले खेळाडू म्हणूनच गोंधळाचे वाटतात. त्यावर उपाय सोपा आहे: चेंडूकडे बघणं थोडं कमी करून चेंडूच्या पुढे तीस-चाळीस मीटरवर कोण कुठे पळतोय ते बघायचं.

मिठी मारून पाडलेल्या खेळाडूला चेंडू सोडायची संधी मिळूनही त्याने तो नीट सोडला नाही तर फ्री किक. त्या क्षणी सगळा स्टँड एका सुरात ‘बॉऽऽल!’ असं ओरडतो. ते शिव्या देणं नाही, अंपायरकडे केलेलं अपील आहे, आपल्या ‘हाउज दॅट’सारखं. मुलांना हे पाच मिनिटांत जमतं आणि पुढचे दोन तास त्यांना दुसरं काही लागत नाही.

गोल अंपायरवर जरा वेळ नजर ठेवा. तो दोन उंच खांबांच्या मधे उभा असतो. चेंडू गेला की आधी मैदानातल्या अंपायरच्या इशाऱ्याची वाट बघतो, मग कमरेपाशी दोन्ही तर्जन्या झटक्यात पुढे करतो. बिहाइंड असेल तर एकच. त्यानंतर खांबापाशी ठेवलेले झेंडे उचलून गोलाला दोन, बिहाइंडला एक असा फडकवतो आणि समोरच्या टोकाचा अंपायरही तसाच झेंडा हलवून त्याला उत्तर देतो. म्हणजे दोघांच्याही वहीत सारखीच नोंद. दीडशे मीटरवरून झेंड्याने झेंड्याला दिलेलं ते उत्तर टीव्हीवर सहसा दिसत नाही. विंगवर बसलात तर मान फिरवून दिसतं.

कोणता संघ कोणता हे पटकन ओळखायचं तर चड्ड्या बघा: पाहुणा संघ बहुतेक वेळा पांढऱ्या चड्डीत असतो. दिवसा चेंडू लाल, रात्रीच्या उजेडात पिवळा. क्वार्टर २० मिनिटांचा, पण चेंडू थांबला की घड्याळ थांबत असल्याने प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर सहा-सहा मिनिटं, मध्यंतर वीस. दरवाजातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साडेतीन तास धरा. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तरी, त्याआधी मार्क घेतलेल्या खेळाडूला आपली किक घेता येते. पाच गुणांनी मागे असलेला संघ तशा एका किकवर जिंकू शकतो. म्हणून शेवटच्या मिनिटाला गर्दी टाळायला उठणं टाळा.

खाण्यापाशी अर्धा गुण कापला. तिथलं ठरलेलं खाणं म्हणजे मीट पाय, आणि त्यात सहसा गोमांस असतं. खात नसाल तर ‘पाय’ या शब्दावर काउंटरवर आधी विचारा, पॅटीसारखा दिसतो म्हणून घेऊ नका. खाणाऱ्यांसाठी सूचना: वरचं आवरण कोमट लागलं तरी आतला रस भाजतो. कोपऱ्याचा छोटा तुकडा तोडून वाफ जाऊ द्या. टोमॅटो सॉसची पुडी दोन कप्प्यांची असते. मधे वाकवून दोन्ही कप्पे एकमेकांवर दाबले की फटीतून सॉसची धार निघते. ती पायवर धरून मगच दाबा, मांडीवर धरून नको. शाकाहारी माणसाला हमखास मिळतात त्या गरम चिप्स. त्या चांगल्या असतात, पण तळणीचं तेल वेगळं आहे का हे ज्याला महत्त्वाचं आहे त्याने विचारावं.

बरं, एमसीजीवर घरचं खाणं आत नेता येतं आणि मराठी कुटुंबाला यासारखी सोय नाही. धपाटे, दशम्या, चटणी-पोळीचे रोल, सुकी भेळ, चिक्की, सगळं चालतं. काचेची बाटली, कॅन आणि दारू मात्र नेऊ देत नाहीत. लोणच्याची काचेची बरणी गेटवर टाकावी लागेल, तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घ्या. पोळीत ओली भाजी नको: मांडीवर डबा, हातात मोजे आणि शेजारचा माणूस उड्या मारतोय, अशा स्थितीत एका हाताने खाता येईल असंच हवं. बॅग लहान ठेवा, ती तपासली जाते. पैशांसाठी कार्ड जवळ ठेवा.

मध्यंतराला स्वच्छतागृह आणि चहा-कॉफी दोन्हीकडे रांग लागते आणि वीस मिनिटं त्यातच संपतात. त्यापेक्षा दुसऱ्या क्वार्टरचा खेळ चालू असताना, एखादा गोल झाल्यावर चेंडू मध्यावर नेला जात असतो तेव्हा उठा. तेवढ्यात रांगेतून बाहेर पडता येतं आणि कुणाचं बघणं अडत नाही.

दोन्ही संघांचे चाहते इथे शेजारी-शेजारी बसतात. वेगळे पिंजरे नाहीत, मधे पोलिसांची भिंत नाही. आजी काळ्या-पांढऱ्या मफलरमध्ये आणि नात दुसऱ्याच रंगात, असंही दिसतं. आरडाओरड भरपूर, अंपायरला बोल लावणं त्याहून जास्त, आणि बिअरही चालू असते. लहान मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील तर मद्यमुक्त बे घ्या. तिकिटाच्या वेळी तसं लिहिलेलं असतं. एक शब्द मात्र जपून: अमेरिकन सवयीने ‘आय रूट फॉर कॉलिंगवुड’ म्हणू नका, ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ‘रूट’ हा अश्लील शब्द आहे. तिथे ‘बॅरक फॉर’ म्हणतात. शेजाऱ्याला ‘पहिलाच सामना आहे’ एवढं सांगितलंत तर तो उरलेला वेळ आपणहून समजावत बसतो, हे जवळजवळ हमखास.

जाताना गाडी नेऊ नका. जवळची स्टेशनं दोन, दक्षिणेला रिचमंड आणि उत्तरेला जॉलिमाँट. शेन वॉर्न स्टँडला रिचमंड सोयीचं. ट्रामने यायचं तर वेलिंग्टन परेडवरून ४८ आणि ७५, दक्षिणेच्या बाजूने ७०. शहरातला मोफत ट्रामचा पट्टा मैदानापर्यंत पोचत नाही, म्हणून मायकी हे तिथलं प्रवासाचं कार्ड टेकवावंच लागतं. सगळ्यात छान वाट पायी आहे: फेडरेशन स्क्वेअरकडून बिरारुंग मार या नदीकाठच्या बागेतून विल्यम बराक पुलावर चढायचं आणि सरळ एमसीजीच्या दाराशी उतरायचं. साधारण वीस मिनिटं. दोन्ही संघांच्या मफलरींचा लोंढा त्या पुलावरून तुमच्याबरोबर चालत असतो.

सुटल्यावर सगळं स्टेडियम एकदम रिचमंडकडे वळतं आणि फलाटावर जायलाच रांग लागते. जिंकलेल्या संघाचं गाणं लागतं तेव्हा दहा-पंधरा मिनिटं जागेवर थांबा. खेळाडू कुंपणापाशी चाहत्यांकडे येतात तेही दिसतं. मग पुलावरूनच चालत शहराकडे जा आणि फ्लिंडर्स स्ट्रीटला ट्रेन पकडा. रात्रीचा सामना असेल तर तुमच्या लाइनची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघण्याआधीच बघून ठेवा, आणि कानटोपी पुलावर येईपर्यंत काढू नका, नदीवरचा वारा तिथेच लागतो.